दर दोन ओळींना एक हं

माझ्या वडिलांना हुंकार लागायचा. गोष्ट सांगताना समोरच्यानं मधूनमधून "हं" म्हणावं म्हणजे सांगणाऱ्याला पुढं जाता येतं, हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. पण आबांचं त्या बाबतीत फार कडक होतं. माण तालुक्यातलं आमचं गाव. उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, बियाण्याच्या शेंगा हातानं फोडायच्या असत. दुपारभर ओसरीत बसून सगळं घर शेंगा फोडायचं आणि अंगठे सोलवटून निघायचे. ते काम सरावं म्हणून आबा गोष्ट सांगायचे, आणि हुंकाराची जबाबदारी माझी, कारण मी धाकटी.

दुपारची वेळ, पोटात भाकरी, बाहेर ऊन. मला पेंग यायची. पण सवयीनं तोंडातून "हं" निघत राहायचं. आबांना ते कळायचं. आवाज जराही न बदलता ते सांगायचे, "मग राजा उठला, त्वांड धुतलं, आन् म्हशीला शर्ट घालून बाजाराला ग्येला."

मी म्हणायची, "हं."

झालं. गोष्ट तिथं बंद. उरलेली दुपार नुसता शेंगांचा कटकट आवाज, आणि भावंडं माझ्याकडं खाऊ की गिळू बघतायत. बंद झालेली गोष्ट आबा पुन्हा कधीच सांगायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी नवीन सुरू करायचे. त्या राजाचं पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

आबा फौजेत सिग्नलला होते. बिनतारी यंत्रापुढं बसून कानाला हेडफोन लावायचा आणि बोटानं ठोके द्यायचे, हे त्यांनी वीस वर्षं केलं. ते म्हणायचे की पलीकडं बसलेला माणूस कधी डोळ्यांना दिसला नाही, पण त्याच्या ठोक्यांवरून तो कोण आहे, तापानं फणफणलाय की घरून वाईट पत्र आलंय, तेसुद्धा कळायचं. लहानपणी मला ही फौजी थाप वाटायची.

बारावीला बरे मार्क पडले आणि मी सांगलीला इंजिनिअरिंगला आले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका कोपऱ्यात काचेची केबिन होती, आणि तिच्यात फोनला जोडलेला एकच कॉम्प्युटर. त्याला हात लावायला मुलं तडफडायची. लॅबच्या सरांनी रोज सकाळी लाइन लावून डिपार्टमेंटची पत्रं उतरवून घ्यायचं काम मला दिलं. मी चिकाटीची आहे असं त्यांना वाटायचं. खरं म्हणजे मी हट्टी होते. पंचवीस-तीस वेळा फोन लावल्यावर कुठं मोडेम किरकिरायचा, घसा खाकरल्यासारखं करायचा आणि एकदम शांत व्हायचा. शांत झाला की समजायचं, लागली लाइन. ती तोडायचा जीव कुणालाच व्हायचा नाही, त्यामुळं ती दुपारपर्यंत तशीच चालू राहायची.

आधीच्या वर्षीच्या एका मुलानं केबिनच्या ड्रॉवरमध्ये एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्यावर एका खेळाचा पत्ता होता. एके दिवशी पत्रं उतरवून झाल्यावर मी तो टाइप केला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. चित्र नाही, आवाज नाही. तुम्ही नदीच्या काठावर उभे आहात. पाणी काळं आहे. घाटाला एक होडी बांधलेली आहे. इथं तीन माणसं आहेत.

मला वाटलं, पुस्तकासारखं काहीतरी असेल. मी वाचत बसले. तेवढ्यात त्या तिघांपैकी एकानं म्हटलं, "नवीन दिसतेस. पाण्यात पाय घालू नकोस, इथं खोल आहे."

माझ्या अंगावर काटा आला. तो आत्ता लिहितानाही येतो. ती तीन माणसं कुणी आधी लिहून ठेवलेली नव्हती. ती त्या क्षणी कुठंतरी खुर्चीवर बसली होती, कुणी चहा पीत असेल, आणि सांगलीच्या केबिनमधून घाटावर आलेली मी त्यांना दिसत होते. घरून आबांचं पत्र यायला तेव्हा चार दिवस लागायचे. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले, खरंच खोल पाणी असल्यासारखी.

त्या तिघांतली एक होडीची मालकीण होती. मी तिला मनात होडीवाली म्हणायची, आणि इथंही तेच म्हणते. एका थंड देशातल्या रेल्वे स्टेशनवर ती गाड्यांच्या घोषणा करायची. अमुक गाडी तमुक फलाटावर, इतकी मिनिटं उशिरा. आपल्याकडं सकाळचे दहा-अकरा वाजले की तिच्याकडं नुकतं उजाडत असायचं. कामावर जाण्याआधी ती तासभर नदीवर यायची. तिचं खरं नाव मला माहीत नव्हतं, तिला माझं नव्हतं. माझं गाव कसं आहे, तिनं विचारलं. मी शेंगांचं सांगितलं, हुंकाराचं सांगितलं, म्हशीच्या शर्टाचं सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की त्यानंतर मी काही सांगायला लागले की ती मध्ये मध्ये "हं" टाइप करायची. इंग्रजी अक्षरांत, पण आमच्या ओसरीतलंच. आणि अधूनमधून विचारायची, त्या राजाचं पुढं काय झालं?

आता माझ्या मोहाची गोष्ट. त्या खेळात भाड्याच्या होडीतून माणसांना नदीपार न्यायचं असायचं. दोर सोड, वल्हव, वल्हव, वल्हव, दोर बांध, असं प्रत्येक फेरीला सगळं टाइप करायचं. कित्येक शे फेऱ्या झाल्या की तुम्ही तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, व्हायचा आणि मग स्वतःची होडी घेऊन नदीच्या मुखातून समुद्रात जाता यायचं. मला समुद्र बघायचा होता. खरा समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, पण मला त्या अक्षरांतलाच बघायचा होता. परदेशातले लोक दिवसदिवसभर खेळायचे. माझ्याकडं तास-दीड तास, त्यात लाइन तुटायची. वर्गातला एक मुलगाही खेळायचा, सांगलीचाच, पेठेत राहणारा. त्याला आठवड्यातून दोनदा केबिनची वेळ मिळायची. त्यानं वर्षभर एकेक फेरी हातानं मारत अर्धी मजल गाठली होती. त्याची ती गाढवमेहनत बघून मला दया यायची. मी शहाणी ना.

मोडेम चालवायच्या प्रोग्राममध्येच एक सोय होती. पडद्यावर अमुक शब्द आला तर तमुक पाठव, अशा आज्ञा लिहून ठेवता यायच्या. घाटावर पाटी होती: इथं फक्त माणसांनीच वल्हवायचं. मी ती वाचली होती. दोनदा वाचली होती. तरी दोन दुपारी बसून मी प्रोग्राम लिहिला. घाट दिसला की दोर सोड, पाणी दिसलं की वल्हव.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा माझे हात मांडीवर होते आणि पडद्यावर मी वल्हवत होते. दोर सुटला, काठ मागं गेला, पलीकडचा घाट आला, माणसं उतरली, मी परत फिरले. एकाही कळीला माझं बोट लागलं नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिले. आपण घडवलेलं काहीतरी आपल्याशिवाय चालतंय, हे मी आयुष्यात प्रथम पाहत होते. मी पडदा बंद केला, वर "दुरुस्ती चालू आहे, हात लावू नये" असा कागद चिकटवला आणि लेक्चरला गेले.

दोन दिवसांत नदीवरच्या लोकांची तक्रार आली. ही मुलगी नेते-आणते, पण बोलत नाही, घुमी आहे. दुसऱ्या कुणी असा प्रोग्राम लिहिला असता तर त्यानं त्यात नमस्कार, धन्यवाद असलं काहीतरी घातलं असतं. मी पडले ओसरीतली. माझ्या लेखी ऐकणं म्हणजे "हं" म्हणणं. मी एक आज्ञा वाढवली: कुणी बोललं की दर दोन ओळींना एक हं. आणि ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह आलं तर हो. बस्स.

त्यानंतर जे झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. लोक माझ्या होडीत बसायला थांबू लागले. पलीकडं काही काम नसलेलेही बसायचे, जायचे, परत यायचे. कुणी नोकरीचं सांगायचं, कुणी मुलाचं. एकानं लिहिलं होतं की या नदीवर माझ्यासारखं ऐकणारं कुणी नाही. हॉस्टेलवर मी कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही, अशी माझी ख्याती. मला हसू आलं. तेव्हा हसू आलं, हे लिहायला पाहिजे.

जे चालायचं ते सगळं पहिल्या दिवसापासून फ्लॉपीवर साठत होतं. सुरुवातीला मी रोज वाचायची. मग सबमिशन आलं, जर्नलं, ड्रॉइंगच्या शीटा, आणि मी नुसती लाइन लावून, कागद चिकटवून निघून जाऊ लागले. फेऱ्या वाढत होत्या. समुद्र जवळ येत होता.

एका दुपारी केबिनमध्ये आले, पडदा लावला, आणि नदी नव्हती. खेळाच्या रखवालदाराचं बोलणं होतं. असे चार-पाच रखवालदार तिथं आळीपाळीनं गस्त घालायचे. त्यानं माझ्या होडीत बसून विचारलेलं होतं, तू माणूस आहेस ना? प्रोग्रामनं हो म्हटलं. तू दगड आहेस ना? हो. मी आता तुला काढून टाकतोय, चालेल ना? हो. खाली एक ओळ होती: या पत्त्यावरून येणाऱ्या कुणालाही यापुढं प्रवेश नाही.

या पत्त्यावरून, म्हणजे कॉलेजच्या पत्त्यावरून. सगळ्या कॉलेजचा मिळून तो एकच पत्ता. पेठेतल्या त्या मुलाची वर्षभराची वल्हवणी माझ्याबरोबर बुडाली. मी त्याला जर्नल लिहीत असताना गाठून सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं नाही. "मला एकदा विचारायचं तरी होतंस गं," एवढंच म्हणाला आणि पुढची आकृती काढायला लागला. सत्र संपेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

माझा हट्ट मात्र गेला नव्हता. रखवालदाराला पत्र लिहून भांडायचं ठरवलं. माझ्या प्रोग्राममुळं कुणाला त्रास झालेला नाही हे दाखवायला फ्लॉपीवरचं सगळं छापून काढलं. प्रिंटर करकरत राहिला, कागदाची लांबच लांब पट्टी जमिनीवर पडत गेली आणि मी फरशीवर बसून वाचत गेले. दहा-बारा दिवसांपूर्वीच्या एका सकाळी होडीवाली माझ्या होडीत येऊन बसली होती.

तिच्या घशात गाठ होती. तिनं खेळात कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाच पहिल्यांदा सांगत होती. दोन दिवसांनी ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही. पूर्ण जाणार. तिनं लिहिलं होतं की काल स्टेशनवर शेवटच्या गाडीची घोषणा तिनं मुद्दाम दोनदा केली, आणि फलाटावरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. हं. घरी ती एकटीच असते, म्हणून परवा आंघोळ करताना मोठ्यानं आकडे म्हणत होती, नुसते एक ते शंभर, ऐकायला. त्या दोन ओळींनंतर, हं. पानभर असं. कुठंही माझं एक वाक्य नाही, आणि कुठंही तिनं मध्येच म्हशीला शर्ट घातलेला नाही. तिला तशी गरज वाटली नव्हती.

शेवटी तिनं लिहिलं होतं: दोन आठवड्यांनी मला घरी सोडतील. त्यानंतरच्या सोमवारी, याच वेळी, मी इथं येईन. तेव्हा माझ्याकडं बोलायला ही नदीच असेल. तू असशील?

हो.

नक्की?

हो.

सर केबिनबाहेरून म्हणाले, कागद गोळा करा, पाय पडतोय. मी कागद गोळा केला. तो सोमवार यायला नऊ दिवस होते. तिचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही, नदी सोडून तिच्यापर्यंत जायची वाट नाही, आणि नदीचं दार मीच बंद करून घेतलं होतं. आवाज गेलेली एक बाई त्या दिवशी घाटावर येणार, मला हाक मारणार, आणि तिथं कुणीच नसणार.

रखवालदाराला मी पत्र पाठवलं, भांडणाचं नाही, विनंतीचं. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तुझी विनंती मन हेलावणारी आहे, त्यानं लिहिलं होतं, पण तुझा प्रोग्रामसुद्धा लोकांना फार मायाळू वाटायचा. हे पत्र कुणी लिहिलंय ते मला कसं कळावं? मी माणूस आहे हे सिद्ध करायला माझ्याकडं काहीच नव्हतं. हे मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं, आणि त्याची भीती वाटली.

शनिवारी विटा-मायणीवरून एसटीनं घरी गेले. आबा गोठ्यापुढं खाटेवर बसले होते. मी त्यांना अर्धं सांगितलं, म्हणजे माझी चूक सोडून बाकीचं. त्यांनी छापलेला कागद मागितला. त्यांचं इंग्रजी फौजेतलं, बोट ठेवून वाचायचे. सुरुवातीची पानं माझी स्वतःची होती, प्रोग्रामच्या आधीची, मी होडीवालीला गावाचं सांगत होते ती. तिथं त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं. मग पुढची आली, आणि त्यांचं बोट थांबलं.

"हितनं म्होरं तू न्हाईस," ते म्हणाले.

मी विचारलं, कशावरून.

"दर दोन ओळीला हं. मानूस आसं ऐकत न्हाई. मानसाला एखादं वाक्य लागतं, तवा तो गप ऱ्हातो. एखादं लागत न्हाई, तवा दोनदा हं म्हंतो. ह्ये कुनाचं हाय?"

ती थाप नव्हती तर. वीस वर्षं न दिसणाऱ्या माणसांना ठोक्यांवरून ओळखणारा माणूस माझ्यासमोर बनियनवर बसला होता, आणि इतकी वर्षं त्याच्या घरात राहून मी त्याला ओळखलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पाटी दोनदा वाचली होती, तेसुद्धा.

आबा रागावले तर ओरडत नाहीत, त्यांचा आवाज उलट उतरतो. ते म्हणाले की सिग्नलला एकच नियम होता. पलीकडून निरोप आला की तो आधी कागदावर उतरवायचा आणि मगच "मिळाला" म्हणायचं. न घेता "मिळाला" म्हणायचं नाही, कारण पलीकडचा माणूस त्या शब्दावर विसंबून पाऊल टाकतो. त्यांच्या चौकीवर एकदा एकानं तसं म्हटलं होतं. "आमी चौदा जनं व्हतो," ते म्हणाले, आणि पुढं बोलले नाहीत. मी त्यापुढचं कधी विचारलं नाही.

मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "तू तिला मिळाला म्हनून बसलीयास. आता त्यो निरोप तुजा हाय. सोमवारी कुठनं जायाचं, सांग."

सोमवारी पहिल्या एसटीनं आम्ही साताऱ्याला गेलो. आबांच्या पलटणीतल्या एका मित्राच्या जावयाचा तिथं बसस्थानकामागं कॉम्प्युटर क्लास होता आणि त्याच्याकडं फोनची लाइन होती. त्याचा पत्ता कॉलेजचा नव्हता. आबा टोपी, इस्त्रीचा सदरा घालून माझ्याशेजारी स्टुलावर बसले. मोडेम किरकिरायला लागला तसे ते पुढं झुकले. लाइन लागल्यावर त्यांनी मान हलवली, जुनं माणूस भेटल्यासारखी.

मी नवीन नावानं आत शिरले. हाकलून दिलेल्यानं नवीन नावानं येणं हाही गुन्हाच. म्हणून घाटावर उभं राहून पहिली हाक मी रखवालदारालाच मारली. त्या दिवशी तोच होता. मी लिहिलं, तुम्ही जिला "तू दगड आहेस ना?" असं विचारलं होतं, ती मी. होडीवालीला दिलेला शब्द पाळायला आलेय. काम झालं की मला काढून टाका.

उत्तर आलं: पंधरा मिनिटं.

ती घाटावर आधीच बसलेली होती. पडद्यावर तेवढंच होतं: इथं होडीची मालकीण बसली आहे. मी कोण ते सांगितलं. तिनं लिहिलं, तुझी होडी दिसली नाही, मी घाबरले होते. मग लिहिलं की त्या सकाळी तू मला धीर दिला नाहीस, देवाचं नाव घेतलं नाहीस, सगळं ठीक होईल असं म्हणाली नाहीस. बाकी सगळे तेच करत होते. तू फक्त ऐकलंस. ते घेऊन मी ऑपरेशनला गेले.

मी आबांना भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, मग राहू दे. मलाही तेच हवं होतं. तिचं भलं झालं होतं, खरं सांगून काय मिळणार होतं? आबा माझ्या बोटांकडं बघत राहिले.

मी लिहिलं. ती मी नव्हते. तो माझा प्रोग्राम होता. दर दोन ओळींना हं. मी लेक्चरला होते. मी हे दहा दिवसांनी कागदावर वाचलं.

पडदा थांबला. कर्सर लुकलुकत होता. नदीवर दुसरं कुणीतरी आलं आणि गेलं. क्लासचा मालक दारातून डोकावला, आबांनी हातानंच त्याला थांबवलं. लाइन तुटली की काय, असं मला वाटलं. तुटली असती तर बरं, असंही वाटलं.

मग तिची ओळ आली. म्हणजे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी लिहिलं, नाही.

ती म्हणाली, बरं. मग सांगते. आता माझा आवाज हाच आहे, जरा हळू चालतो. तू आहेस ना?

आहे, मी लिहिलं. वडील पण शेजारी आहेत.

तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. गाठ कशी कळली ते, शेवटची घोषणा, आंघोळीतले आकडे. मी एकेक ओळ आबांना मराठीतून सांगत होते. आबा "हं" म्हणायचे, आणि ते म्हणाले की मी ते टाइप करायची. एखाद्या ओळीला ते गप्प राहायचे, मग मीही काही पाठवायची नाही. घड्याळाकडं माझं लक्ष होतं, पंधरा मिनिटं संपत आली होती, एकही ओळ सुटू नये म्हणून मी भराभर शब्दाला शब्द लावत होते. तिनं ऑपरेशनच्या सकाळचं सांगितलं. तिला टेबलावर घेतलं, मी सांगितलं. हं. वर मोठा दिवा होता, मी सांगितलं. हं. मग डॉक्टर बोकडावर बसून आत आले, मी सांगितलं, आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसले.

आबांचा हुंकार आला नाही.

"थांब," ते म्हणाले. "बोकड? दवाखान्यात कुठला बोकड?"

मी पडद्याकडं पाहिलं. ओळ तिथंच होती. पुढची ओळ येत नव्हती. तिकडं ती थांबली होती, बघत होती. माझ्या नजरेखालून बोकड गेला होता, माझ्या तोंडून गेला होता, आणि मला तो दिसला नव्हता. इतकं सगळं होऊनही मी नुसती पोचवत होते. प्रोग्राम सांगलीत ठेवून आले होते, आणि त्याच्या जागी स्वतः बसले होते. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही, क्लासच्या मालकानं पुन्हा डोकावण्याइतकं.

डोळे पुसून मी टाइप केलं: वडील विचारतायत, दवाखान्यात कुठला बोकड? मला तो दिसलाच नाही. त्यांना दिसला.

मग एकच ओळ आली.

आहात तर.

पंधरा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. रखवालदारानं मला काढलं नव्हतं. आबांनी स्टूल आणखी पुढं ओढलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले, "इचार तिला, मंग काय झालं."